दोन बाबांची गोष्ट
पाच वर्षांच्या पोरांना दोन बाबा, दत्तक वगैरे काय कळणार, अशी पुस्तकं वाचनालयात कशाला, असं काही जण म्हणतात, मला नाही पटत. सांगलीत भाचीला 'अँड टँगो मेक्स थ्री' हे इंग्रजी चित्रपुस्तक मराठीत सांगत वाचून दाखवलं, २००५ चं आहे, न्यूयॉर्कच्या झूमधल्या दोन नर पेंग्विनची खरी गोष्ट, ते दगडच अंडं म्हणून उबवत बसतात मग झूतला माणूस त्यांना खरं अंडं देतो, तर ती चित्रावर बोट ठेवून विचारते, पिल्लाला गार नाही ना लागत? बास एवढंच. आपल्याकडे एकट्याला दत्तक घेता येतं पण समलिंगी जोडप्याला दोघांच्या नावाने नाही, समलिंगी लग्नाबद्दलच्या २०२३ च्या सुप्रीम कोर्ट निकालानंतरही, म्हणजे वाढवणार दोघं आणि कागदावर एकच. त्या घरातल्या पोराला आपलं घर दिसेल असं मराठी पुस्तक वाचनालयाच्या बालविभागात हवंच, तेही उघड्या कपाटात.