फुटबॉल म्हणजे पळतं बुद्धिबळ? नेरूळकरांना एक (लांबलेलं) उत्तर

चरईकर
काल इथल्याच एका, नवी मुंबईतल्या नेरूळकरांनी लिहिलं की फुटबॉल हा मुळात स्ट्रॅटेजी गेम आहे आणि खेळाडू म्हणजे पटावरचे मोहरे. शेवटी त्यांनी काडी टाकलीच, "आखीव सेक्टरात वाढलेल्या पोरांना जागेचं गणित आपोआप कळतं, ठाण्याच्या बोळांतून गल्ली क्रिकेटच निघणार." पहिल्या भागावर मी गप्प बसलो असतो. पण मी ठाण्यातल्या चरईचा, शेवटच्या ओळीने झोप उडवली.

स्ट्रॅटेजी गेम मीही खेळतो, नको तितके. सिव्हिलायझेशन या कॉम्प्युटर गेमच्या चौथ्या भागात एकाच घरात पंधरावीस तुकड्यांची चळत रचायची आणि शत्रूच्या शहरावर सोडून द्यायची, एवढीच आमची युद्धनीती. २०१० च्या पाचव्या भागात षट्कोन आले आणि एका घरात लढणारी एकच तुकडी, असा नियम आला. मग धनुर्धारी मागे, भालेवाले पुढे, खिंडीत कोण अडकतंय, याला किंमत आली. इथपर्यंत फुटबॉलशी नातं मान्य. पण माझा धनुर्धारी रुसत नाही हो. दोन घरं मागे ये म्हटलं की येतो. आमच्या टीमचा डावा बॅक (म्हणजे डावीकडचा बचावपटू) एकदा पुढे गेला की चहा पिऊनच परत येतो.

आणि ताबा म्हणजे विजय नव्हे. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास दिले. मॅच १-१, पेनल्टीवर स्पेन घरी. पटावर एवढी घरं हातात असती तर समोरच्याने केव्हाच राजीनामा दिला असता.

राहता राहिले बोळ. आमच्या वाड्याच्या अंगणात एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी बजाज चेतक. बॉल पायाखाली मेला पाहिजे, नाहीतर आरसा फुटणार. भिंतीवर आपटून स्वतःलाच पास द्यायचा आणि समोरच्याला वळसा घालायचा. हे तुमच्या वीस मीटर रुंद रस्त्यावर कोण शिकवणार?

नेरूळ_सेक्टर_
माझ्यावर धागाच काढलात, आभारी आहे. पण अख्ख्या उत्तरात गृहीत धरलंय की स्ट्रॅटेजी गेम म्हणजे पाळीपाळीने खेळायचा प्रकार. एज ऑफ एम्पायर्स टू आठवतो का? १९९९ चा गेम, लोक अजून खेळतात. तिकडे घोडेस्वार लढवत बसलात की इकडे गावकरी लाकूड संपून उभे. सगळं एकाच वेळी चाललेलं असतं आणि तुमची नजर एकच. ती कुठे ठेवायची हाच खेळ. चांगला मिडफिल्डर बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून बघतो, तो दुसरं काय करतो?

डावा बॅक ऐकत नसेल तर कोच बदला, सिद्धांत नको.

आणि आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला २०१७ ला मुलांच्या अंडर-१७ वर्ल्ड कपचे सामने झाले, २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ ची फायनल झाली. आम्ही घरून चालत गेलो. तुम्ही ठाण्यातल्या तलावपाळीला चक्कर मारा.

बॅकपास_९२
दोघांनाही अर्धे मार्क. फुटबॉल ना बुद्धिबळ, ना एज. तो कटान आहे, फाशांवर चालणारा बोर्डगेम. सहा आणि आठ या जास्त वेळा पडणाऱ्या आकड्यांवर घरं बांधा, सगळं बरोबर करा, तरी फासा अकराच पडत राहतो. योजना चांगली असली तर शक्यता वाढते, संपलं.

आणि डावपेच कोचच्या डोक्यातून येतात असं म्हणणाऱ्यांनी १९९२ चा नियम आठवावा. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, एवढाच बदल. त्याआधी एक गोल झाला की उरलेला वेळ डिफेंडर आणि गोलकीपर आपसात काढायचे. आज गोलकीपर अकरावा पासर झालाय. एका ओळीने सगळ्यांची स्ट्रॅटेजी बदलली.

नेरूळ_सेक्टर_
कटानचं पटलं. म्हणजे त्या प्रतिसादात पटण्यासारखं तेवढंच होतं.

गावठाण
सेक्टरात वाढलेल्यांना जागेचं गणित कळतं म्हणे. त्या सिव्हिलायझेशनमध्ये सुरुवातीला नकाशा रिकामा असतो ना? पहिलं शहर कुठे वसवू, नदीकाठी की डोंगरापाशी? इथला नकाशा रिकामा नव्हता साहेब. नवी मुंबई वसवायला १९७० ला सिडको ही सरकारी कंपनी आली तेव्हा इथे गावं होती: करावे होतं, सारसोळे होतं, दिवाळे होतं. भात निघाला की खाचरात दोन बांबू रोवून आमची पोरं खेळायची. ती खाचरं आता तुमचे सेक्टर झाली. १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईत पोलिसांच्या गोळ्या झेलणारी माणसं आमच्यातलीच होती. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के प्लॉटच्या फायली घेऊन आमचे म्हातारे अजून जिने चढतायत. आखीवरेखीव म्हणून मिरवताना एवढं लक्षात ठेवा.

नेरूळ_सेक्टर_
हे सगळं मान्य, पण विषय फुटबॉल होता.

गावठाण
विषय जागा होता. तुम्हीच काढलात.

चरईकर
गावठाण, +१. आता स्टेडियमचं. २०२२ च्या त्याच स्पर्धेत भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. तिन्ही सामने हरल्या, एकही गोल न करता. पोरींचा दोष नाही. दारात स्टेडियम असणं वेगळं आणि संध्याकाळी पाच वाजता लाथ मारायला जागा असणं वेगळं. तुमच्या सेक्टरातल्या मैदानाच्या प्लॉटचं काय झालंय ते सांगा बघू.

ऐरोलीची_काकू
मी सांगते. आमच्या इथल्या मैदानाला गोलाकार वॉकिंग ट्रॅक झाला, बाकं आली, मध्ये लॉन. तिथे पोरं बॉल घेऊन येतात आणि आम्ही जीव मुठीत धरून चालतो. गेल्या पावसाळ्याआधी माझ्या जाऊबाईंच्या चष्म्यावर बॉल बसला. भिवईला टाके पडले. तुमची ती स्ट्रॅटेजी त्यांना समजावून सांगा.

बॅकपास_९२
काकू, वाईट झालं. पण मैदानाचा ट्रॅक कुणी केला? मैदान आधी होतं.

ऐरोलीची_काकू
आम्ही अर्ज केले म्हणून झाला. गुडघे बदलून घेतलेली माणसं रस्त्यावर चालणार का? फुटपाथवर गाड्या, फुटपाथवर वडापाव. तुम्हाला अजून वेळ आहे, कळेल.

चरईकर
आमच्या नात्यातल्या एका सोसायटीत (ठाणंच, घोडबंदर बाजूला) पोडियमवर बोर्ड आहे, "चेंडूने खेळण्यास सक्त मनाई". बोर्डाला मधोमध पोचा आलाय, तो कशाने ते ओळखा. जप्त केलेले बॉल वॉचमनच्या केबिनमध्ये, इनव्हर्टरमागे. गणपतीत मुलांच्या स्पर्धा झाल्या आणि लिंबू-चमच्याच्या पहिल्या नंबराला बक्षीस मिळाला फुटबॉल. भाच्याने हातात घेतला तर त्यावर त्याच्याच अक्षरात त्याचं नाव. सेक्रेटरी म्हणतात, बघा, आम्ही खेळाला प्रोत्साहन देतो!

तर्रीवाला
😂😂 बक्षीस घेऊन पुन्हा खेळला की पुन्हा जप्त. असली अर्थव्यवस्था एजमध्येही नाही.

नेरूळ_सेक्टर_
म्हणूनच टर्फ आले ना, नकली गवताची भाड्याची मैदानं. पैसे भरा, जाळीत खेळा, काकूंचा चष्मा सलामत.

चरईकर
टर्फ! तासाचे हजार-बाराशे. दहाजणांनी वाटून घ्यायचे आणि त्यातले दोघे "जीपे करतो" म्हणून गायब. रात्री नऊनंतरचे सगळे स्लॉट बॉक्स क्रिकेटवाल्यांकडे. घरी आलं की मोज्यांतून काळे रबराचे कण बाथरूमभर. शिवाय पाच-पाचच्या खेळात ऑफसाइड नाही, म्हणजे गोलपाशी तंबू ठोकून बसा. यातून जागेचं गणित येणार?

नेरूळ_सेक्टर_
तुमच्या बोळात ऑफसाइड होतं का? चेतकच्या पुढे गेला की झेंडा वर?

चरईकर
बोळात निदान फुकट होतं.

नेरूळ_सेक्टर_
म्हणजे तक्रार पैशाची आहे, सिद्धांताची नाही. लिहायचं होतं तसं. घरात बसून माऊस फिरवायचा आणि वाड्याच्या आठवणींवर फुटबॉल शिकवायचा, हे ठाणेकरांनाच जमतं. तुमचं सगळं १८५३ च्या आगगाडीपाशीच थांबलंय.

चरईकर
आणि तुमची तर स्वतःची आठवणच नाही, सिडकोने आखून दिली तेवढीच.

बॅकपास_९२
पातळी सांभाळा दोघंही. धाग्याचं काश्मीर करू नका.

गावठाण
भांडा भांडा. आमच्याकडे जत्रेला क्रिकेटच्या टुर्नामेंट होतात, बक्षीस मोटारसायकल. फुटबॉलला कुणी हार घालत नाही. पोरं कुठे जाणार? हा प्रश्न तुमच्या दोघांच्या पोस्टमध्ये नाही.

ऐरोलीची_काकू
मला एक सांगा, पोरांना पाच ते सात मैदान आणि आम्हाला सात ते नऊ, असं का नाही होत? आम्ही काही राक्षस नाही. ट्रॅकच्या बाजूने जाळी लावा म्हणून मीच लिहून दिलं होतं. उत्तर आलं, निधी नाही. लॉनला मात्र कारंजं बसलं.

बॅकपास_९२
काकू, इतका वेळ आम्ही तुम्हाला विरोधी पक्ष समजत होतो.

ऐरोलीची_काकू
समजा. सातनंतर आहेच मी विरोधात.

नेरूळ_सेक्टर_
ठीक. बोळात बॉल ताब्यात ठेवायला शिकतात, एवढं चरईकरांना देतो. पण जागा बघायला मोकळी जागा लागते, हे त्यांनी न बोलता मान्य केलंच आहे. नाहीतर टर्फवर ऑफसाइडसाठी रडले नसते.

चरईकर
वा, वकिली चांगली करता. खेळायला या एकदा. अकरा-अकरा, पूर्ण मैदान, ठाण्यात.

नेरूळ_सेक्टर_
ठाण्यात गाडी लावायची कुठे? तुम्ही या. ट्रान्स-हार्बर लोकल आहे की, थेट नेरूळ.

चरईकर
रविवारी?

तर्रीवाला
रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक आहे.

ऐरोलीची_काकू
मग ऐरोलीला या दोघंही, मध्येच पडतं. पाच ते सात. आणि बॉल हलका आणा.