गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) .एन्व्ह फाइल कमिटमध्ये (जतन केलेल्या आवृत्तीत) गेली, पुश (सर्व्हरवर पाठवणं) अजून केलेलं नाही. कशी काढू?

प्रश्न:
'गिट ॲड .' (सगळ्या फायली पुढच्या कमिटसाठी घेणं) केल्यामुळे पासवर्ड असलेली .एन्व्ह फाइल कमिट झाली. .गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) नाव टाकलं, तरी 'गिट स्टेटस'मध्ये ती मॉडिफाइड दिसतेच. फाइल डिस्कवर राहिली पाहिजे.

उत्तर १:
.गिटइग्नोर फक्त अनट्रॅक्ड (गिट अजून ज्यांची नोंद ठेवत नाही अशा) फायलींना लागू होतं. तुमची फाइल गिटच्या इंडेक्समध्ये (नोंद ठेवलेल्या फायलींच्या यादीत) आधीच शिरली आहे, म्हणून ती दिसणारच. क्रमाने हे चालवा:

गिट आरएम --कॅश्ड .एन्व्ह
गिट ॲड .गिटइग्नोर
गिट कमिट --अमेंड --नो-एडिट

'--कॅश्ड' विसरू नका, नाहीतर फाइल डिस्कवरूनही उडू शकते. मग 'गिट लॉग --वनलाइन -- .एन्व्ह' बघा. काहीच छापलं नाही तर काम झालं.

प्रश्नकर्ता:
अजून दोन ओळी येतात. म्हणजे शेवटच्या दोन्ही कमिटमध्ये फाइल होती.

उत्तर १:
मग अमेंड पुरत नाही, ते फक्त शेवटची कमिट बदलतं. 'गिट रिसेट --सॉफ्ट हेड~2' करा. दोन्ही कमिट सुटतील, बदल मात्र स्टेज्ड (पुढच्या कमिटसाठी तयार) राहतील. .एन्व्ह आता स्टेज्ड यादीत नसायला हवी; असलीच तर 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड .एन्व्ह'. मग नव्याने कमिट करा. गिट 2.23 च्या आधीचं असेल तर रिस्टोअर नाही, तिथे 'गिट रिसेट हेड .एन्व्ह'.

इथे '--सॉफ्ट'ऐवजी '--हार्ड' मारू नका. कमिट झालेलं काम 'गिट रिफ्लॉग'मधून (तुमच्या मशीनवरच्या जुन्या कमिटची नोंद) परत मिळतं, पण कमिटच न केलेले बदल तिथे नसतात. ते गेले की गेले.

उत्तर २:
पुश झालं असतं तर आधी पासवर्ड बदलायचा, गिट नंतर. इतिहास पुसून '--फोर्स-विथ-लीझ'ने (सर्व्हरवरचा इतिहास बदलणारं पुश) ढकलला तरी ज्यांनी आधीच पुल केलंय (सर्व्हरवरून उतरवून घेतलंय) त्यांच्याकडे जुनी कमिट राहतेच. तुमच्या मशीनवरही ती रिफ्लॉगमुळे डिफॉल्टने निदान 30 दिवस टिकते. पुश केल्यावर मात्र ती सोबत जात नाही.

उत्तर ३:
मूळ दुखणं 'गिट ॲड .' आहे. 'गिट ॲड -पी' प्रत्येक तुकडा दाखवून विचारतं. फक्त नव्या फायली ते दाखवतच नाही. त्यासाठी आधी 'गिट ॲड -एन फाइलनाव' (एन कॅपिटल) करावं लागतं. आणि कमिटआधी 'गिट डिफ --स्टेज्ड' वाचायला दहा सेकंद लागतात.