ट्रॉलीचा एक्सल अर्ध्या ओझ्यावर तुटला; चीर आधीच ओळखता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. गेल्या आठवड्यात पांदण रस्त्याने कापूस नेताना आमच्या दोनचाकी ट्रॉलीचा एक्सल चाकापासून वीतभर आत तुटला. उन्हाळ्यात मुरूम आणि शेणखताच्या काठोकाठ भरलेल्या खेपा याच एक्सलने निभावल्या होत्या, आणि तुटला तेव्हा ट्रॉली अर्धीच भरलेली होती. वेचणीच्या बाया रोज सायंकाळी याच ट्रॉलीतून घरी येतात. त्या खेपेला कोणी बसलेले नव्हते, तरी हा विचार डोक्यातून जात नाही.

तुटलेल्या तोंडावर दोन वेगळे भाग दिसतात. खालच्या कडेपासून अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत व काळपट असून त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी उमटल्या आहेत. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार आणि चकचकीत आहे. कमानी जिथून सुरू होतात, नेमकी तिथेच मागल्या वर्षी यू-बोल्टची (एक्सल आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टची) पट्टी खालच्या अंगाला वेल्डिंग करून घेतली होती.

आमचे मिस्त्री म्हणतात की हादऱ्यांनी लोखंड आतून बदलून त्याचा दाणा झाला. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा रेल्वे अपघात झाला, त्या काळी इंजिनिअरही असेच मानत असत. पण दाणेदार भाग हा शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला भाग असतो, लोखंड आतून बदलल्याची ती खूण नव्हे, असे मी वाचले आहे. शेजारी उन्हाला दोष देतात, परंतु आपल्याकडच्या ४५ अंशांनी पोलाद नरम पडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा धातूचा थकवा आहे: वेल्डिंगच्या कडेला ताण एकवटतो, तिथे बारीक चीर पडते, प्रत्येक धक्क्यासरशी ती किंचित पुढे सरकते, आणि उरलेले पोलाद अपुरे पडले की हलक्या ओझ्यानेही एक्सल तुटतो. हे बरोबर आहे का?

एक शंका मात्र उरते. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी १८५०-६० च्या दशकांत तपासलेले रेल्वेचे आस चाकांसोबत फिरत असत, त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेरीत एकदा ताणला जाई आणि एकदा दाबला जाई. माझा एक्सल फिरत नाही. त्याची खालची बाजू सतत ताणलेलीच असते आणि खाचखळग्यांनी तो ताण फक्त कमीजास्त होतो. ताणाची दिशा न उलटताही थकवा इतक्या लवकर येतो का, की वेल्डिंगनंतर पोलाद झपाट्याने थंड होऊन कडेला ठिसूळ झाले असावे?

तुटलेला एक्सल जोडून वर पट्टी मारून देतो, असे मिस्त्री म्हणतात. मी अजून होकार दिलेला नाही, कारण त्यामुळे चीर पडायला आणखी एक जागा तयार होईल असे मला वाटते.

भावाच्या ट्रॉलीलाही तशीच पट्टी त्याच वेळी लावली आहे. तिचा एक्सल घासून स्वच्छ करावा, रॉकेल लावून काही वेळाने पुसावे आणि खडूची भुकटी फासून चिरेतून ओल बाहेर येते का ते पाहावे, अशी जुनी रीत मला ठाऊक आहे. वेल्डिंगच्या खडबडीत कडेवर ही रीत भरवशाची ठरते का, आणि काहीच दिसले नाही तर तेवढ्यावर विसंबून माणसे बसवावीत का? वेल्डिंग कापून काढून नुसत्या यू-बोल्टवर बैठक घेतली तर आधीच पडलेली चीर थांबते का, हेही कृपया सांगावे. तुटलेला तुकडा जपून ठेवला आहे. हवी ती मापे देतो. तोवर भावाची ट्रॉली उभीच ठेवली आहे.