मराठी घर, कन्नड शाळा: मुलाचं बोलणं मोजायचं कोणत्या मापानं?

खानापूर_वाचा (प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्पीच थेरपी करणाऱ्यांना विचारतोय. हाताशी असलेल्या चाचण्या कन्नड मुलांवर बेतलेल्या आहेत. तपासायला येणारी साडेतीन ते सहा वर्षांची मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत मराठी-कन्नड-उर्दूची सरमिसळ, अंगणवाडीत कन्नड. कन्नड चाचणीचं मराठी भाषांतर करून गुण द्यावेत का? च, ळ, ण यांतलं काय चूक धरायचं आणि काय इथल्या बोलीचं? आणि बऱ्याच पालकांना "घरात एकच भाषा बोला" असं सांगून पाठवलेलं असतं, त्याचं काय करायचं?

तिळकवाडीकर

भाषांतर करून गुण देऊ नका. मराठीत जिथं मूल खरोखर अडकतं त्या जागाच कन्नड चाचणीत नसतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगाच्या. मराठीत खुर्ची ती, पाट तो, ताट ते. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यामागून चालतं. मराठीत "आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं" असं कर्मामागून. शिवाय सामान्यरूप: घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात. भाषेची खरी अडचण असलेलं मराठी मूल बहुधा इथंच घसरतं, आणि भाषांतरित चाचणी नेमकं हेच विचारत नाही. चाचणीतली चित्रं वापरा, पण गुण लिहू नका, वर्णन लिहा. कन्नड मुलांची सरासरी या मुलाला लावता येत नाही, हे अहवालात स्पष्ट नोंदवा.

त्याऐवजी बोलण्याचा नमुना घ्या. आई किंवा आजीबरोबर वीस मिनिटं खेळ, फोनवर ध्वनिमुद्रण, त्यातून किमान ५० वाक्यं जशीच्या तशी उतरवायची. खेळणी इथली हवीत: तवा, परात, बुट्टी, लाल बस, बैल, शेंगा. बर्फाचा माणूस आणि सँडविच असलेली चित्रकार्डं बाजूला ठेवा. मूल गप्प बसतं आणि शब्द येत नाही अशी नोंद होते.

शब्द मोजताना दोन्ही भाषा मिळून मोजा. दोन वर्षांच्या मुलाला साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी यायला हवी, पण ते ५० एकाच भाषेतले असावे लागत नाहीत. "हालु पायजे" (हालु म्हणजे कन्नडमध्ये दूध) ही दोन शब्दांची पुरी जोडणी आहे. पाणी आणि त्याचंच कन्नड नीरु दोन्ही म्हणत असेल तर शब्द दोन, कल्पना एक. दोन्ही आकडे वेगळे लिहा. खरा विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. फक्त कन्नडमध्ये मागे आणि मराठीत वयाप्रमाणे असेल, तर ते मूल कन्नड नुकतंच शिकू लागलंय, एवढाच अर्थ.

आता उच्चार. मराठीत च दोन आहेत. चमचा, चाक, चटणी यांतला दातांपाशी. चार, चिमणी, चेंडू यांतला टाळूपाशी. कन्नडमध्ये पहिला नाही. त्यामुळे कन्नड कानाला मराठी मुलाचा अगदी बरोबर "चमचा" जीभ पुढं सरकल्यासारखा ऐकू येतो आणि चूक म्हणून नोंदला जातो. उलटही होतं: कन्नड घरातलं मूल मराठी "चाक" टाळूवरून म्हणतं, तीही विकृती नव्हे. ज आणि झ यांचंही तेच.

शब्दाच्या शेवटी उ लागणं (बसचं "बस्सु") कन्नडची ठेवण आहे. एकचं "येक", भाकरीची "बाकरी", पाण्याचं "पानी" ऐकलं तर आधी आईला आणि आजीला तोच शब्द म्हणायला सांगा. घरात तसंच बोलत असतील तर खूण करू नका. घरात भ आणि ब स्पष्ट वेगळे असतील आणि मुलाचेच मिसळत असतील, तर मात्र श्रवणतपासणीकडं बघा. र आणि ळ उशिरा बसतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या र वर सत्रं घालवू नका.

बालवाडी_ते_चौथी

वरच्या उत्तराला जोडून "एकच भाषा" या सल्ल्याबद्दल. तो चुकीचा आहे आणि त्यानं नुकसान होतं. दोन भाषांमुळं बोलणं उशिरा येत नाही, आणि स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही दोन भाषा झेपतात. आजीला कन्नड किंवा इंग्रजी धड येत नाही. तिला मराठी बंद करायला सांगितलं की ती मुलाशी बोलणंच कमी करते. दिवसातले आठ-दहा तास मूल तिच्याजवळ असतं, म्हणजे थेरपीचा सगळ्यात मोठा वाटा तिथंच जातो.

म्हणून घरचा अभ्यास आजीला द्या, आणि कागदावर नको. एकच काम, एकच वेळ. भाकरी थापताना "थाप, उलट, भाज, फुगली" हे चार शब्द, प्रत्येक पाच-सहा वेळा, आणि दर वेळी शब्द बोलल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण मोठी माणसं मुलाच्या वतीनं उत्तर द्यायला सवयीनं पुढं होतात. आधी तुम्ही करून दाखवा, मग तिला करू द्या, मग फोनवर चित्रण करून तिचं तिलाच दाखवा.

"हे काय आहे?" असं समोर दिसणाऱ्या वस्तूबद्दल विचारलं की इथली पुष्कळ मुलं गप्प होतात. ज्याचं उत्तर मोठ्यांना माहीत आहे ते विचारायची घरात रीत नसते, आणि परक्या मोठ्या माणसापुढं न बोलणं हा मुलाला शिकवलेला शिष्टाचार असतो. थोरल्या भावंडाला आत घ्या, वस्तू पिशवीत लपवा, नाहीतर मुद्दाम चुकीचं नाव घ्या: परातीला तवा म्हणा. मूल दुरुस्त करायला बोलतं.

श्रवण_निपाणी

दोघांचंही पटतं, पण या सगळ्याच्या आधी कान. "थाळी वाजवली की वळतो" यावर पालक आणि कधी कधी डॉक्टरही समाधान मानतात. थाळीचा आवाज मोठा असतो, हादराही जाणवतो. ज्याला स, श, त ऐकू येत नाहीत असं मूलसुद्धा थाळीला वळतं. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करा, त्यात पास नसेल किंवा शंका असेल तर बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी). बेराला मूल झोपलेलं लागतं, म्हणून सकाळी लवकर उठवून, प्रवासात झोपू न देता आणायला सांगा. हे सांगितलं नाही की निपाणीहून बेळगावपर्यंतची ७५ किलोमीटरची फेरी फुकट जाते. निपाणीच्या लोकांना कोल्हापूर जवळ, साधारण ४० किलोमीटर. तिथं करून अहवाल आणला तर तो चालवून घ्या, पुन्हा करायला लावू नका.

इतिहास घेताना नात्यातलं लग्न विचारायलाच हवं. या भागात मामाची मुलगी करणं नवीन नाही, आणि जन्मजात बहिरेपणाची जोखीम त्यानं वाढते. विचारताना मात्र "लग्नाआधी दोन्ही घरांचं काही नातं होतं का?" एवढंच, आणि सासूसमोर नको, उत्तर सुनेवर दोष म्हणून उलटतं.

दोन समजुती हमखास येतात. पहिली, वेखंड मधात उगाळून जिभेवर लावणं. हसू नका, रागावूही नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो, आणि वेखंड लावलं तरी श्रवणतपासणी पुढं ढकलायची नाही, हे दोनच मुद्दे ठाम सांगा. दुसरी, जिभेखालची तार कापणं. तार खरोखर आखूड असेल तर एखाद-दुसऱ्या उच्चाराला अडथळा येऊ शकतो, पण मूल शब्दच बोलत नसेल तर कारण तार नव्हे. जिभेचं टोक वरच्या दातांमागं टेकतं का ते पाहा. टेकत असेल तर शस्त्रक्रियेचा विषय तिथंच थांबवा.

"बाप पाच वर्षांनी बोलला होता" म्हणून थांबलेल्या घरांना एक सीमा द्या: सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर वाट पाहायची नाही. तिसरं दिसलं तर त्याच आठवड्यात पाठवा.

खानापूर_वाचा

खूप उपयोग झाला. एक राहिलं: थेरपी मराठीत सुरू केली, पण पुढं शाळा कन्नड आहे. बदल कधी करायचा? आणि जांबोटी-कणकुंबीकडची मुलं पावसामुळं जून ते सप्टेंबर येतच नाहीत.

तिळकवाडीकर

बदल करायचा नाही, जोडायचं. नवीन शब्द आधी घरच्या भाषेत पक्का, मग त्याच वस्तूचं कन्नड नाव. वर्गात रोज लागणारे सूचनाशब्द मात्र लगेच कन्नडमध्ये घ्या: बा (ये), कूडु (बस), कोडु (दे), नीरु (पाणी), साकु (पुरे). शिक्षिकेला ही यादी द्या आणि मुलानं मराठीत उत्तर दिलं तरी ते उत्तर मानायला सांगा. उच्चाराचं काम करताना दोन्ही भाषांत असलेला ध्वनी पहिला निवडा; क किंवा ग एका भाषेत सुधारला की बऱ्याचदा दुसरीतही सरकतो. दातांजवळचा च शेवटी ठेवा, तो फक्त मराठीचा आहे.

पावसाळ्याचं नियोजन एप्रिलच्या आधीच करा. आठवड्याला एक सत्र धरून बसलात तर चार महिने कोरडे जातात. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन सत्रं, त्यात निम्मा वेळ आजीला शिकवण्यात, आणि पुढं दर पंधरा दिवसांनी फोन. व्हिडिओ कॉलला तिकडं रेंज टिकत नाही. त्यांनी दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवावं आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवावं, तुम्ही उत्तर आवाजात द्यावं, मराठीत, त्यांच्याच बोलीत. लिहून पाठवलेलं आजी वाचत नाही आणि वाचून दाखवणारा संध्याकाळी घरी येतो.

श्रवण_निपाणी

आणि राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तारीख अंगणवाडीताईंकडून आधीच काढून ठेवा. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. कणकुंबीकडची पावसाआधीची फेरी हुकली की मुलाचे कान थेट दिवाळीनंतरच तपासले जातात.