प्रॉक्समॉक्सवर व्हीएम आपोआप थांबतात, पिवळा त्रिकोण येतो. सर्व्हर बदलावा का?

दूधसंस्था_ऑफिस:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आमच्या दूध संस्थेत एकच टॉवर सर्व्हर आहे. रॅम ६४ जीबी, ९६० जीबीच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारी प्रणाली. व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, तीन. विंडोज सर्व्हर २०१९ वर हिशेबाचं सॉफ्टवेअर (डिस्क ३०० जीबी), उबंटूवर फाईल सर्व्हर (२०० जीबी) आणि संकलन केंद्राच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग (२५० जीबी).

कालपासून हिशेबाची व्हीएम मधेच गोठते. नावाशेजारी पिवळा त्रिकोण येतो आणि स्टेटसमध्ये 'आयओ-एरर' दिसतं. दोनदा रीसेट केलं, पंधरा मिनिटं चाललं, परत तेच. विंडोजमध्ये बघितलं तर डिस्कवर २०० जीबीच्या वर जागा मोकळी आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात सर्व्हर जुना झाला, नवीन घ्या. उद्या ११ तारीख, दहा दिवसांची दूध बिलं काढायची आहेत. चारशे उत्पादकांचे पैसे अडकतील. काय करू?

उपनगरी:
सीपीयू टाइप 'होस्ट' करून बघा. माझी विंडोज व्हीएम त्यानंतर बरीच हलकी झाली. रॅमही वाढवून द्या.

रात्रपाळी:
उपनगरी, तो उपाय व्हीएम संथ चालत असेल तर ठीक. इथे ती संथ नाही, थांबवली गेली आहे. लिहायला गेली, खाली जागा मिळाली नाही, म्हणून व्हीएम चालवणाऱ्या क्यूइमू प्रोग्रॅमने तिला पॉज केलं. डेटा सुरक्षित राहावा म्हणूनच तसं करतात.

दूधसंस्था, पहिली विनंती: आता रीसेट दाबू नका. पॉजमधल्या व्हीएमचं अर्धवट लिखाण मेमरीत जपलेलं असतं, रीसेटने ते जातं. होस्टच्या (मूळ सर्व्हरच्या) शेलमध्ये 'एलव्हीएस' ही डिस्कची जागा दाखवणारी कमांड चालवा आणि जे येईल ते सगळं इथे टाका. एकही ओळ गाळू नका.

दूधसंस्था_ऑफिस:
हिशेबाच्या डिस्कसमोर डेटा ५० टक्के, फाईल सर्व्हर ६०, कॅमेरे ९६. 'डेटा' नावाचा जो पूल आहे, ज्यातून सगळ्या व्हीएमच्या डिस्कना जागा मिळते, त्याचा आकार ७५८ जीबी आणि त्यासमोर १००.००. मेटाडेटा ४ टक्के. आणखी दोन ओळी आहेत, एक 'स्नॅप' आणि एक 'स्टेट', दोन्हींत १०३ नंबर आहे. त्यांच्यासमोरचा टक्क्यांचा रकाना रिकामा आहे म्हणून त्या सोडून दिल्या होत्या.

मला कळत नाही ते हे: ३०० अधिक २०० अधिक २५० म्हणजे ७५०. पूल ७५८ चा. मी मुद्दाम बेरीज करूनच डिस्क दिल्या होत्या. मग भरला कसा?

रात्रपाळी:
बेरीज बरोबर आहे. पण त्या रिकाम्या रकान्यांच्या ओळींतच चोर आहे. १०३ म्हणजे कॅमेऱ्यांची व्हीएम ना? तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, कुणीतरी रॅमसकट काढून ठेवलाय. स्नॅपशॉट चालू नसतो म्हणून एलव्हीएस त्याचा टक्का दाखवत नाही. जागा मात्र तो खातोच.

कॅमेऱ्यांची डिस्क कायम भरलेली असते, जुनं पुसून त्याच जागी नवीन लिहिलं जातं. स्नॅपशॉट असला की जुना ब्लॉक सोडता येत नाही, नव्यासाठी पूलमधून दुसरा घ्यावा लागतो. रेकॉर्डिंगचा एक फेरा पूर्ण झाला की तीच डिस्क दुप्पट जागा धरून बसते. तुमचे २४० आताचे, २४० जुने, ८ च्या आसपास रॅमचे, १५० हिशेबाचे, १२० फाईल सर्व्हरचे. करा बेरीज.

आता क्रम पाळा. आधी 'व्हीजीएस' कमांडने पूलबाहेर किती जागा मोकळी आहे ते बघा. इन्स्टॉलर सहसा १६ जीबी मोकळे ठेवतो. असतील तर 'एलव्हीएक्सटेंड'ने पूल १० जीबीने वाढवा, म्हणजे श्वास घ्यायला जागा होईल. मग १०३ च्या स्नॅपशॉट टॅबमधून तो स्नॅपशॉट काढा. एलव्हीएसमध्ये आकडा खाली आलेला डोळ्यांनी बघा आणि मगच व्हीएम रिझ्यूम करा. आधी केलीत तर लगेच परत थांबेल. दोनदा रीसेट झालंय, तेव्हा विंडोजमध्ये चेकडिस्क आणि सॉफ्टवेअरची स्वतःची डेटा तपासणी दोन्ही करा, बिलं त्यानंतरच.

दूधसंस्था_ऑफिस:
१६ जीबी होते! स्नॅपशॉट मीच फेब्रुवारीत अपडेटआधी घेतला होता, 'बॅकअप असू दे' म्हणून. काढल्यावर पूल ६६.४१ वर आला. रिझ्यूम केलं, व्हीएम जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. चेकडिस्क चालू आहे.

वायरमन_काका:
स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका हो. तो त्याच पूलमध्ये, त्याच डिस्कवर असतो. एसएसडी गेल्या तर तोही गेला. व्हीझेडडंपचा (प्रॉक्समॉक्सचं बॅकअपचं साधन) रोजचा जॉब लावा, बाहेरच्या डिस्कवर, आणि महिन्यातून एकदा एखादा बॅकअप वेगळ्या नंबरवर रिस्टोअर करून उघडतो का ते बघा. आमच्याकडे दोन वर्षं जॉब हिरवा दिसत होता, रिस्टोअर करताना कळलं की दुसरी डिस्क त्यात घेतलेलीच नव्हती.

रात्रपाळी:
काकांशी शंभर टक्के सहमत. दूधसंस्था, अजून एक काम बाकी आहे. विंडोजमध्ये २०० जीबी मोकळे दिसतात, म्हणजे वापर ९० च्या आसपास, आणि पूल १५० धरून बसलाय. आत फाईल पुसली की विंडोज फक्त स्वतःच्या वहीत खाडाखोड करतं, खालच्या पूलला ते कळत नाही. तिन्ही डिस्कना 'डिस्कार्ड' टिक करा, म्हणजे पुसलेली जागा पूलला परत देता येईल. त्यासाठी व्हीएम प्रॉक्समॉक्समधून शटडाऊन करून सुरू करावी लागेल, आतून रिस्टार्ट केल्याने तो बदल लागू होत नाही. मग ती जागा परत द्यायला (ट्रिम करायला) विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह' आणि उबंटूत 'एफएसट्रिम' चालवा.

आणि पूल ८० टक्क्यांवर गेला की ईमेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) घाला. नवीन सर्व्हरचे पैसे वाचवा. त्यातून बाहेरची डिस्क आणि चांगला यूपीएस घ्या.

दूधसंस्था_ऑफिस:
रात्री साडेअकराला तिन्ही व्हीएम बंद करून डिस्कार्ड लावलं. ट्रिम झाल्यावर पूल ५६.६४. चेकडिस्कमध्ये काही निघालं नाही, सॉफ्टवेअरच्या तपासणीत काल दुपारच्या दोन नोंदी अर्धवट सापडल्या, त्या संकलनाच्या पावत्या बघून परत भरल्या. आत्ता सकाळचे नऊ वाजलेत, बिलं छापायला लागलीत. रात्रपाळी, काका, मनापासून आभार. संध्याकाळी डिस्क आणायला जातोय. बॅकअपसाठी दोन टीबी पुरेल का चार घेऊ?

वायरमन_काका:
कॅमेऱ्यांची डिस्क बॅकअपमधून वगळा, मग दोन टीबीत भागेल. पण दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, आणि एक कायम ऑफिसबाहेर, घरी ठेवा.