प्रतिसाद: वय वाढलं की गिटारिस्ट संपतो?

'चाळिशीनंतर रॉक गिटारिस्ट फक्त जुनंच वाजवत बसतो' हे मला अजिबात पटत नाही. इंग्लिश रॉक गिटारिस्ट जेफ बेकचंच बघा. १९८०च्या दशकात, म्हणजे नाव झाल्यावर, त्याने पिक (तार छेडायची छोटी पट्टी) बाजूला ठेवलं आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. अंगठ्याने तार छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, ट्रेमोलो बार (सूर वर-खाली करणारी गिटारवरची दांडी) तळहाताशी. त्यातून सूर असा वळतो की आपल्याकडच्या कानाला थेट मींडच (सुरावरून सुरावर अखंड सरकणं) ऐकू येते! हे सगळं चाळिशीच्या आसपास आणि पुढेही. पिंक फ्लॉइड बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर यानेही २०२४ साली, अठ्ठ्याहत्तरीत, नवा अल्बम काढला.

वेग कमी होतो, हे मान्य. पण अडचण बोटांपेक्षा श्रोत्यांची जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. पुण्यात सवाईला आपण बुजुर्ग गायकाचा विलंबित ख्याल मन लावून ऐकतो, तोच राग या वर्षी कसा मांडला यावर घरी जाईपर्यंत बोलतो. रॉकच्या मैफिलीत मात्र गिटारचा सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) रेकॉर्डवर होता तस्साच हवा असतो. वर्षानुवर्षं तेच मागितलं, तर कलाकाराने नवं सुचलेलं वाजवायचं कुठे?