पौल, याकोब आणि डावा हात

ओसरी:
‘बायबलच्या नव्या करारात पौल म्हणतो माणूस देवापुढे नीतिमान ठरतो विश्वासाने, याकोब म्हणतो क्रियांनी, ही शिकवण स्वतःलाच खोडते,’ असं काल इथे कुणी ठासून लिहिलं. रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ शेजारी ठेवले की झालं? दोघेही उत्पत्ति १५:६ चाच आधार घेतात: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि देवाने तो नीतिमत्त्व म्हणून गणला. पौल तिथेच थांबतो, अब्राहामाची सुंताही झालेली नसताना. याकोब २२व्या अध्यायापर्यंत जातो, अब्राहाम मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला वेदीवर ठेवतो तिथे. एकाचा प्रश्न, देव स्वीकारतो कशामुळे. दुसऱ्याचा, विश्वास जिवंत आहे हे कळतं कशावरून.

चिकित्सक:
इतकं सोपं असतं तर धर्मसुधारक ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस ३:२८मध्ये ‘विश्वासाने’आधी ‘केवळ’ का घातला? मूळ ग्रीकमध्ये तो नाही. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ एकदाच येतं, तेही याकोबात आणि नकारासह!

ओसरी:
‘केवळ’चं मान्य करावं लागेल. पण १९९९मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: स्वीकार कृपेने, सत्कर्मं हे त्याचं फळ. तेही वाचा.

कोषपाल:
खरा पेच मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे. ५:१६ सांगतं, लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. ६:३ सांगतं, उजवा हात काय दान देतो ते डाव्या हातालाही कळू नये. प्रवचन एकच! आणि चर्चमध्ये बाकाबाकावर देणगीदारांच्या पाट्या. काढा त्या. देणगीच्या पाकिटावर नाव नको, क्रमांक घाला. क्रमांकांची वही एकाकडे, मोजणी दुसऱ्या दोघांनी, बेरजेखाली दोघांच्या सह्या, जाहीर फक्त एकूण रक्कम. वही आणि मोजणी एकाच हातात गेली की कुणाचं किती ते त्याला कळतं, आणि चूक धरायला कुणी उरत नाही.

चिकित्सक:
प्रेषितांची कृत्ये ४:३६-३७ काढा. बर्णबाने शेत विकून पैसे आणले, नावानिशी लिहिलंय. ती पाटी नव्हे?

कोषपाल:
पुढचे दोन-चार श्लोक तरी वाचा हो! हनन्या आणि सप्पीरा, नवरा-बायको, त्यांनीही जमीन विकली. काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं. पेत्र स्पष्ट सांगतो, विकल्यावरही पैसे तुझ्याच ताब्यात होते. दोष कमी दिल्याचा नाही, दाखवण्याचा. पाटी तोच मोह डोळ्यांपुढे ठेवते. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचं नाव कुठे आहे?

ओसरी:
नाव नाही, पण येशूने शिष्यांना बोलावून तिचं देणं दाखवलंच. मत्तय ६:१ची मनाई ‘लोकांनी पाहावे म्हणून’ करण्याला आहे, दिसण्याला नाही. पाट्या नकोत, पटलं. हिशेब मात्र उघडा हवा. २ करिंथकरांस ८:२०मध्ये पौल वर्गणीबाबत कुणी बोट ठेवू नये म्हणूनच जपतो.

चिकित्सक:
पाट्यांपुरतं ठीक. पण हेतू तपासणार कोण? क्रिया दिसते, आतला विश्वास दिसत नाही. फिरून माझ्याच प्रश्नावर आलात.

कोषपाल:
आतलं तपासायला याकोबाने सांगितलंच नाही. २:१५-१६मध्ये उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावलंय. त्याच्या अंगावर कपडा आला की नाही, हे कुणालाही दिसतं.